सलाईनवर नजर कोणाची? वसई-विरारच्या आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
वसई-विरार शहर महानगरपालिका, विरार यांस,



पावसाळा तोंडावर आला की आरोग्य विभागात साथीच्या आजारांची तयारी सुरू होते. ओआरएसची पाकिटे किती, सलाईनच्या बाटल्या किती, इंजेक्शने किती, याचे आकडे मागवले जातात आणि ते पुरेसे दिसले की तयारी झाली असे धरले जाते. हे पत्र त्या तक्त्यात सहसा नसलेल्या एका आकड्याविषयी आहे. जुलाब-उलट्यांनी, डेंग्यूने, भाजल्याने किंवा बाळंतपणातल्या रक्तस्रावाने ज्याच्या अंगातले पाणी निघून गेले आहे, अशा रुग्णाला सलाईन लावल्यानंतर त्याच्याकडे पाहणारी प्रशिक्षित परिचारिका किती रुग्णांमागे एक आहे, आणि रात्री ती आहे का, हा तो आकडा. शिरेतून दिलेले पाणी हे औषध आहे. त्याचा गुण आणि त्याचा घात दोन्ही प्रमाणावर ठरतात, आणि ते प्रमाण बाटलीवर छापून येत नाही. दर तासाला रुग्णाकडे बघून ते ठरवावे लागते. म्हणून बाटल्यांच्या साठ्याला मी तयारीचा लहान भाग मानतो आणि बाटलीशेजारच्या माणसाला मोठा. माझे म्हणणे एवढेच आहे, पण ते पुराव्यानिशी मांडायचे तर थोडा विस्तार करावा लागेल.

नंदाखाल आणि आजूबाजूचा आगाशी, नाळे, राजोडी, निर्मळ हा पट्टा पाण्याच्या जवळ राहतो. केळी, पानवेली, भाजी आणि फुलांच्या वाड्या इथे विहिरींच्या आणि बावखलांच्या (गोड्या पाण्याच्या तळ्यांच्या) पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगल्या. जमीन सखल आहे, समुद्र जवळ आहे. पाणी तुंबले की संडासाच्या टाक्या, गटारे, बावखले आणि विहिरी यांच्यातली सीमा पुसली जाते. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरारचा मोठा भाग पाण्याखाली गेला आणि रेल्वे ठप्प झाली, हे आपल्या कार्यालयात कोणी विसरले नसेल. अशा पुरानंतर आधी पोटाचे विकार येतात, एक-दोन आठवड्यांनी लेप्टोस्पायरोसिस डोके वर काढतो आणि साचलेल्या पाण्यातल्या डासांबरोबर डेंग्यू येतो. तिन्ही आजारांत रुग्णाच्या शरीरातल्या पाण्याचा हिशेब बिघडतो, आणि तिन्हींत तो वेगळ्या तऱ्हेने बिघडतो. गावातला रुग्ण रात्री खालावला तर जवळच्या नर्सिंग होममध्ये जातो, तिथून विरारला किंवा वसईला, आणि तिथे जमले नाही तर ‘मुंबईला हलवा’ असे सांगितले जाते. या प्रवासात त्याच्या हाताला सलाईन असतेच. ती किती गेली, त्याबदल्यात लघवी किती झाली, याची नोंद बरोबर असतेच असे नाही.

तोंडाने घेतलेल्या पाण्यावर शरीराचा स्वतःचा पहारा असतो. तहान भागली की माणूस पेला बाजूला ठेवतो, पोटाला झेपले नाही तर उलटून पडते, आतडे आपल्या वेगानेच मीठ-पाणी शोषते. शिरेत टोचलेल्या सुईवर असा कोणताच पहारा नसतो. जे सोडाल ते थेट रक्तात जाते, आणि हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर जास्तीचे पाणी फुप्फुसात उतरते. उलट कमी पडले तर मूत्रपिंडे बंद पडायला लागतात. या दोन्ही चुका सुरुवातीला आरडाओरडा करत नाहीत. धाप लागण्याच्या कितीतरी आधी श्वासाची गती वाढू लागते, पापण्या किंचित सुजतात, पाठीला स्टेथोस्कोप लावला तर फुप्फुसाच्या तळाशी बारीक चरचर ऐकू येते. पाणी कमी पडत असेल तर लघवीचा रंग गडद होतो आणि तिचे माप घसरते. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे अर्धा मिलिलिटर, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तीस मिलिलिटर, एवढी लघवी व्हायला हवी. हे सगळे दिसते, पण मोजणाऱ्यालाच. शरीराने ठेवायचा पहारा सुईने काढून घेतला तर तो बाहेरून कोणीतरी ठेवावा लागतो, आणि ते काम शिकलेल्या माणसाला सर्वत्र परिचारिका म्हणतात.

ही गोष्ट शिरेतून पाणी देण्याच्या पहिल्याच प्रयोगात स्पष्ट झाली होती. १८३१-३२ मध्ये ब्रिटनमध्ये पटकीची साथ आली तेव्हा विल्यम ओशॉग्नेसी या तरुण डॉक्टरने रुग्णांचे रक्त तपासून दाखवले की त्यातले पाणी आणि क्षार निघून गेलेले असतात. (हाच ओशॉग्नेसी पुढे कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे त्याच्याच देखरेखीखाली उभे राहिले.) त्याचे निष्कर्ष वाचून १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथ गावी थॉमस लाटा या डॉक्टरने ज्या वृद्ध स्त्रीवर सगळे उपाय हरले होते तिच्या शिरेत मिठाचे पाणी सोडले. अर्ध्या तासात सुमारे सहा पाइंट, म्हणजे तीन लिटरांहून अधिक. खोल गेलेले डोळे वर आले, थंड हातपाय ऊबदार झाले, नाडी लागू लागली, बाई बोलू लागली. बाई वाचली असे समजून लाटा तिला रुग्णालयातल्या शल्यवैद्याच्या हवाली करून गेला. थोड्या वेळाने जुलाब आणि उलट्या पुन्हा सुरू झाल्या, पाणी पुन्हा दिले गेले नाही आणि साडेपाच तासांत ती मेली. लाटाने हे सगळे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. द्रव योग्य होता, शीर सापडली होती, गुण आला होता. नंतरच्या साडेपाच तासांत निघून जाणाऱ्या पाण्याचे माप घेऊन तेवढे परत भरणारे कोणी नव्हते. आज जवळजवळ दोनशे वर्षांनी आपल्याकडे निर्जंतुक बाटल्या आहेत, प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या आहेत. ते साडेपाच तास मात्र अजून तसेच आहेत आणि त्यांत कोण हजर असते हा प्रश्नही तसाच आहे.

दुसरा पुरावा आपल्याच देशातला. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाईनचा साठा संपत आला तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरले आणि ते रुग्णांना तोंडाने पाजायला सुरुवात केली. पाजणारे बहुतेक रुग्णांचे नातेवाईक होते. त्या छावणीतले मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. २०२३ मध्ये महालनबीसांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले, त्यामागे हे काम होते. या घटनेतून अनेकजण असा अर्थ काढतात की, मग सलाईन आणि परिचारिका दोन्ही नकोतच, पाकिटे वाटली की झाले. मला त्यातून दुसरे दिसते. तिथे प्रत्येक रुग्णाशेजारी एक माणूस तासन्‌तास बसला होता, पेल्याने पाजत होता, आणि कोण सुधारतो आहे व कोणाला पाजूनही भागत नाही हे पाहायला प्रशिक्षित माणसे फिरत होती. शिल्लक बाटल्या, ज्याची शुद्ध हरपली आहे किंवा जो पिऊच शकत नाही, त्याच्यासाठी राखता आल्या. द्रव स्वस्त झाला, पण लक्ष देणे वाढले. मृत्यू घटले ते या दोन्हींमुळे.

आता प्रत्यक्ष मापे पाहू, म्हणजे परिचारिकेचे काम ‘सलाईन बदलणे’ एवढेच समजणाऱ्यांना त्याची कल्पना येईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे जुलाबाने गंभीर शुष्कता आलेल्या रुग्णाला वजनाच्या किलोमागे १०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट (क्षारयुक्त सलाईन) द्यायचे असते. साठ किलोच्या शेतमजुराला म्हणजे सहा लिटर, अर्ध्या लिटरच्या बारा बाटल्या, आणि त्याही तीन तासांत. त्यातले १८०० मिलिलिटर पहिल्या अर्ध्या तासात. एका बारीक सुईतून हे होत नाही. दोन्ही हातांत जाड सुया घालून बाटल्या पूर्ण सोडाव्या लागतात आणि दर पंधरा मिनिटांनी नाडी पाहावी लागते. त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर सहा किलोचे सहा महिन्यांचे बाळ असेल तर त्याचा हिशेब निराळा. त्याला पहिल्या तासात १८० आणि पुढच्या पाच तासांत ४२० मिलिलिटर. लहान मुलांच्या नळीतून साठ थेंबांचा एक मिलिलिटर होतो, तेव्हा तासाला १८० मिलिलिटर म्हणजे मिनिटाला १८० थेंब. पण वर टांगलेल्या बाटलीत ५०० मिलिलिटर आहेत. नळीवरचे चाक थोडे सैल झाले, आईने बाळाला मांडीवर घेताना हात हलला, कोणी स्टँड वर सरकवला, तर वेग बदलतो आणि बाळाला त्याच्या वाट्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी जाऊ शकते. जाणत्या सिस्टर यासाठी एक साधी गोष्ट करतात. बाटलीच्या अंगावर पांढऱ्या चिकटपट्टीची उभी पट्टी लावतात आणि तिच्यावर पेनने आठ, नऊ, दहा, अकरा असे तास लिहितात. दहाच्या रेषेवर दहा वाजता पाणी आले पाहिजे. साडेनऊलाच आले तर चाक आवळायचे, साडेदहा झाले तरी आले नाही तर शीर सुजली का, नळी मुडपली का ते पाहायचे. या पट्टीला खर्च जवळजवळ नाही, पण ती वाचायला दर तासाला कोणीतरी यावे लागते. एका परिचारिकेकडे तीस खाटा असतील तर ती येऊ शकत नाही, मग ती कितीही कर्तव्यदक्ष असो.

डेंग्यूत हे काम आणखी नाजूक होते. जुलाबात पाणी शरीराबाहेर जाते आणि दिसते. डेंग्यूत ते रक्तवाहिन्यांतून झिरपून पोटात आणि छातीत साठते, त्यामुळे दिसत नाही. आणि हे झिरपणे सुरू होते ते ताप उतरताना, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, जेव्हा घरच्यांना वाटते की आता बरे वाटते आहे, घरी नेऊ. पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास धोक्याचे. आपल्याकडे सगळे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असते. नातेवाईक तेवढाच विचारतात आणि वर्तमानपत्रेही तेवढाच छापतात. पण रुग्ण कोसळणार आहे याची खूण रक्तदाबाच्या दोन आकड्यांतल्या अंतरात असते. वरचा १०० आणि खालचा ८० झाला, म्हणजे फरक वीसवर आला, तर वरचा आकडा चांगला दिसत असूनही तो रुग्ण शॉकमध्ये आहे. त्या वेळी पाणी द्यावेच लागते. आणि ते चोवीस-अठ्ठेचाळीस तास संपले की झिरपलेले पाणी आपोआप रक्तात परत येऊ लागते. तेव्हा आधीच्याच वेगाने सलाईन चालू राहिली तर तेच पाणी फुप्फुसात भरते. म्हणजे एकाच रुग्णाला मंगळवारी रात्री जे वाचवते तेच गुरुवारी सकाळी त्याचा श्वास कोंडू शकते. बाटली तीच, द्रव तोच. फरक फक्त तासातासाच्या नोंदीवरून कळतो. भाजलेल्या रुग्णाचे आणि रक्तस्राव झालेल्या बाळंतिणीचे गणित आणखी वेगळे. त्यात इथे शिरत नाही, पण निष्कर्ष तिथेही हाच निघतो.

‘थोडे जास्त गेले तर काय बिघडते’ या समजुतीला २०११ मध्ये मोठा धक्का बसला. केनिया, युगांडा आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांत तापाने आजारी होऊन रक्ताभिसरण खालावलेल्या ३१४१ मुलांवर एक चाचणी झाली. काहींना शिरेतून भराभर पाणी दिले, काहींना ते न देता फक्त रोजच्या गरजेपुरते. सगळ्यांची अपेक्षा होती की भराभर पाणी मिळालेली मुले अधिक वाचतील. उलटे झाले. अठ्ठेचाळीस तासांत भराभर पाणी मिळालेल्या गटांत दर शंभरांत दहाहून अधिक मुले दगावली, तसे न मिळालेल्या गटात सात. त्या चाचणीत जुलाबाची मुले घेतलेली नव्हती, हे लक्षात ठेवायला हवे; जुलाबाने सुकलेल्या मुलाला पाणी झपाट्याने दिलेच पाहिजे आणि या चाचणीचा दाखला देऊन ते रोखणे चूक ठरेल. पण कोणाला किती आणि कोणाला मुळीच नाही, हा निवाडा किती महाग पडू शकतो हे तिने दाखवून दिले.

यावर पहिला आक्षेप मला माहीत आहे: लोकच सलाईन मागतात. खरे आहे. अशक्तपणा आला, ताप येऊन गेला, उन्हातून आल्यावर चक्कर आली की ‘एक बाटली लावा’ असे म्हणत माणसे दवाखान्यात येतात, आणि न लावणारा डॉक्टर त्यांना हात आखडता घेणारा वाटतो. या मागणीला मी हसत नाही. नालासोपाऱ्याच्या चाळीतल्या कामगाराला उद्या सकाळी विरारची लोकल पकडायची आहे, वाडीत मजुरी करणाऱ्या आदिवासी बाईचा दिवस बुडाला तर चूल अडते. त्यांना लवकर उभे राहायचे असते. बाटली लावल्यावर बरे वाटते हेही खोटे नाही, कारण त्या निमित्ताने माणूस तीन तास आडवा पडतो, कोणीतरी त्याची विचारपूस करते आणि त्यात बहुधा उलटी थांबवणारे इंजेक्शनही असते. पण बाटलीत ताकद असते ही समजूत मात्र तपासून पाहावी. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते. तिची ऊर्जा आपल्या वाडीतल्या एका मध्यम केळ्याइतकी. केळ्यात वर पोटॅशियम मिळते, जे जुलाबात शरीरातून निघून जाते आणि त्या बाटलीत अजिबात नसते. शिवाय डेक्स्ट्रोजमध्ये मीठ नाही, म्हणून खऱ्या शुष्कतेत ते जवळजवळ निरुपयोगी. साखर वापरली गेली की उरलेले पाणी रक्तवाहिन्यांत थांबत नाही. ज्या भागात राजेळी केळ्यांची सुकेळी करून वर्षभर टिकवण्याचे कसब आहे, तिथे लोकांनी केळ्याएवढ्या साखरेसाठी शिरेत सुई टोचून घ्यावी, हे मला खटकते.

आणि हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. अनावश्यक बाटलीलाही खाट लागते, सुई लागते, परिचारिकेची वीस मिनिटे लागतात. ती वीस मिनिटे शेजारच्या डेंग्यूच्या मुलाच्या वाट्याची असतात. मुलांच्या जुलाबात तोंडाने पाणी देणे आणि शिरेतून देणे यांची तुलना करणाऱ्या सतरा चाचण्यांचा कोक्रेन संस्थेने २००६ मध्ये आढावा घेतला तेव्हा असे दिसले की तोंडाने उपचार केलेल्या दर पंचवीस मुलांमागे साधारण एकालाच पुढे सलाईनची गरज पडते. म्हणजे महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात एक बाकडे, झाकणाचे भांडे, पेला-चमचा आणि चार तास शेजारी बसून पाजायला शिकवणारी एक परिचारिका असेल, तर सलाईनच्या बहुसंख्य बाटल्या टांगाव्याच लागणार नाहीत. त्या चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर ओआरएस, घोटाघोटाने, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. बाळाला चौदा दिवस झिंकची गोळी. आणि पाकीट खरे ओआरएसचे आहे ना, एवढे पाहायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जागतिक सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांना ‘ओआरएस’ हे नाव वापरायला मनाई केली. अशा जास्त साखरेच्या पेयांनी जुलाब वाढतात, हे खोक्यावरच्या फळांच्या चित्रावरून आईला कळत नाही. तिला कोणीतरी सांगावे लागते.

दुसरा आक्षेप आधुनिक आहे: थेंब मोजणारी यंत्रे घ्या, माणसे कशाला? यंत्रे जरूर घ्यावीत, विशेषतः बाळांसाठी. पण यंत्र ठरवून दिलेला वेग पाळते, तो वेग अजून योग्य आहे का ते सांगत नाही. सुई शिरेबाहेर सरकून हात सुजला तरी काही यंत्रे दाबाने पाणी ढकलत राहतात. जीभ कोरडी आहे की ओली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच सपाट होते की दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो, म्हातारा माणूस सकाळी जसे बोलत होता तसे बोलतो का, हे यंत्राला दिसत नाही. नातेवाईक आहेतच की, असेही म्हटले जाते. तोंडाने पाजायला नातेवाईकासारखा माणूस नाही, बनगावने ते सिद्ध केले. पण शिरेतल्या पाण्याची जबाबदारी रात्रभर जागून थकलेल्या मुलावर टाकणे आणि ‘बाटली संपली की हाक मारा’ एवढेच त्याला सांगणे, हा उपचार नव्हे. बाटली संपण्याआधीच बिघडणाऱ्या रुग्णाला त्या हाकेचा उपयोग नाही. शिवाय बाटलीही तपासून घ्यावी लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारीत बाळंतिणींच्या मृत्यूंनंतर रिंगर लॅक्टेटच्या बाटल्यांवर संशय आला आणि राज्य सरकारने त्यांचा वापर थांबवला. गढूळपणा, तरंगणारे कण, गळती, तारीख, बॅच क्रमांक हे टांगण्यापूर्वी उजेडात धरून पाहणे आणि लिहून ठेवणे हेही परिचारिकेच्याच कामात येते. बॅच लिहिलेली नसेल तर पुढे चौकशी कशावरून करणार?

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो आपल्याकडून येणार हे मी समजू शकतो. बाटल्या एकदा घेतल्या की झाले, पगार दरमहा द्यावा लागतो. आस्थापनेवरचा खर्च, मंजूर पदे, भरतीची परवानगी, या अडचणी खऱ्या आहेत. पण सर्वसाधारण वॉर्डात पाच-सहा खाटांमागे एक परिचारिका हा निकष परदेशातून आणलेला नाही. आपल्याच देशातल्या परिचर्या परिषदेच्या आणि शासकीय अभ्यासगटांच्या निकषांत तो या आसपासच आहे. तो एका वर्षात गाठता येणार नसेल, तर निदान पावसाळ्याचे चार महिने आणि रात्रपाळी एवढ्यापुरता गाठावा. सर डी. एम. पेटिट रुग्णालय आणि तुळिंजचे रुग्णालय इथे, जुलाब आणि डेंग्यूच्या रुग्णांच्या वॉर्डात, रात्री दोन वाजता किती रुग्णांमागे किती परिचारिका होत्या, हा आकडा दर आठवड्याला जाहीर करावा. तो वाईट असला तरी जाहीर करावा. माणसे कुठून आणायची, हा प्रश्न तर आपल्याला पडायलाच नको. वसईच्या ख्रिस्ती आणि इतर घरांतून परिचर्येला गेलेल्या मुली मुंबईच्या रुग्णालयांत, आखातात, इंग्लंडमध्ये काम करतात. नंदाखालच्या आसपास निवृत्त सिस्टर नाही असे गाव शोधावे लागेल. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनात बोलावले तर त्या येणार नाहीत, आणि त्यांनी का यावे? सन्मानाच्या वेतनावर, हंगामी का होईना, बोलावून पाहा. निदान ओआरएस पाजण्याच्या कोपऱ्यांवर देखरेखीला आणि नव्या मुलींना शिकवायला त्यांच्याइतके योग्य कोण आहे?

खासगी नर्सिंग होमविषयीही आपले हात बांधलेले नाहीत. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ चा आहे आणि महापालिका क्षेत्रात नोंदणी व तपासणीचा अधिकार महापालिकेकडे आहे. नूतनीकरणाच्या वेळी अग्निशमनाचा दाखला, जैववैद्यकीय कचऱ्याचा करार पाहिला जातो, ते पाहिलेच पाहिजे. त्याबरोबर रात्रपाळीला महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेली परिचारिका खरोखर असते का, तिच्या हजेरीची नोंद आहे का, हेही पाहावे. अनेक छोट्या ठिकाणी सलाईन लावणारी मुलगी अनुभवाने हुशार असते, पण तिला शिकवलेले नसते. दोष तिचा नाही, तिच्यावर हे काम सोपवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. डॉक्टरांच्या संघटनांना ही कटकट वाटेल. त्यांना एवढेच सांगावे की रुग्ण दगावल्यावर काचा फुटतात तेव्हा डॉक्टरच्या बचावाला तासातासाची नोंद सगळ्यात आधी उपयोगी पडते.

ती नोंद कशी असावी याबद्दल माझी सूचना अगदी साधी आहे. महापालिकेने मराठीत एक पानी तक्ता छापावा आणि तो आपल्या रुग्णालयांत व सर्व नोंदणीकृत शुश्रूषागृहांत सक्तीचा करावा. वर रुग्णाचे वजन, कारण वजनाशिवाय वरचे एकही गणित सुटत नाही. सलाईन का लावली ते एका ओळीत. ‘अशक्तपणा’ एवढेच लिहिता येणार नाही. खाली कोणता द्रव, बॅच क्रमांक, मिनिटाला किती थेंब. मग तासाच्या ओळी: आत किती गेले, तोंडाने किती, लघवी, जुलाब आणि उलटी मिळून बाहेर किती, नाडी, श्वास, रक्तदाबाचे दोन्ही आकडे, आणि प्रत्येक ओळीपुढे परिचारिकेची सही. या पानाची प्रत रुग्णाच्या हाती द्यावी. नंदाखालहून १०८ च्या रुग्णवाहिकेतून रात्री मुंबईला निघालेल्या माणसाबरोबर ते पान असेल, तर पलीकडच्या डॉक्टरला पहिला अर्धा तास अंदाज बांधण्यात घालवावा लागणार नाही; चार तासांत अडीच लिटर गेले आणि लघवी साठच मिलिलिटर झाली हे त्याला दारातच कळेल आणि तो तिथून पुढे सुरुवात करेल. हा तक्ता छापण्याचा आदेश आपल्या एका सहीने निघू शकतो, आणि तो जूनच्या आत निघावा अशी माझी विनंती आहे.

कळावे,
नंदाखाल येथील एक रहिवासी